तेल कुठे घालू नये?

मी आठवीत असतानाची गोष्ट. आमच्या तांत्रिक शाळेच्या सुतारकाम विभागात फळ्या एकसारख्या जाडीच्या करून देणारे एक रंधायंत्र होते. सगळे त्याला 'थिकनेसर' म्हणत. ते चालवायची आम्हाला परवानगी नव्हती, साफसफाई मात्र आमच्याकडे असे. एका शनिवारी सरांनी मेन स्विच बंद केला आणि मला यंत्राचे तेलपाणी करायला सांगितले. त्याच आठवड्यात विज्ञानाच्या तासाला 'घर्षण' हा धडा झाला होता. घर्षणाने यंत्राची झीज होते, शक्ती वाया जाते, उपाय वंगण. मी तेलाची बुधली घेतली आणि हलणारा एकही भाग कोरडा ठेवला नाही.

सोमवारी सरांनी सागाची फळी यंत्रात सरकवली. वीतभर आत जाऊन ती थबकली. रोलर फिरत होते, फळी हलत नव्हती. वरची पाती एकाच जागी घासत राहिली आणि लाकूड करपल्याचा वास आला. सरांनी यंत्र बंद केले. मला वाटले, आता मार बसणार. त्यांनी माझ्या हातात चिंध्या आणि रॉकेलची बाटली दिली आणि एवढेच म्हणाले, "तेल कुठे घालू नये, ते आधी शीक."

हे वाक्य पुरते समजायला मला बरीच वर्षे लागली. त्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

रंधा फिरू लागतो

सुतार रंधा मारतो तेव्हा लाकूड स्थिर असते आणि पाते पुढे-मागे होते. इंग्लंडमध्ये सॅम्युअल बेंथम यांनी १७९१ मध्ये रंधण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यानंतरच्या १७९३ च्या पेटंटात फिरत्या पात्यांची कल्पना होती. १८०२ मध्ये जोसेफ ब्रामा यांनी उभ्या दांड्यावर फिरणाऱ्या मोठ्या चाकाला पाती बसवून लाकूड रंधणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पात्यांना फिरते केल्यामुळे कामाचा वेग वाढला, पण त्याबरोबर दोन नवे प्रश्न उभे राहिले. फिरती पाती लाकडाला मागे ढकलतात, मग ते पुढे कसे न्यायचे? आणि इतक्या वेगाने फिरणारा दांडा ज्या आधारात फिरतो तो आधार तापून जळू नये म्हणून काय करायचे?

हा वेग किती असतो? समजा, पाती बसवलेल्या दंडगोलाचा व्यास १० सेंटिमीटर आहे आणि तो मिनिटाला ५,००० फेरे घेतो. पात्याची धार सेकंदाला सुमारे २६ मीटर, म्हणजे ताशी ९४ किलोमीटर वेगाने जाते. हा हिशेब वर्गात जरूर करून घ्यावा.

जिथे घर्षणच हवे

पहिल्या प्रश्नाचे टिकाऊ उत्तर अमेरिकेत मिळाले. न्यूयॉर्क राज्यातील विल्यम वुडवर्थ यांना १८२८ मध्ये पेटंट मिळाले. फिरत्या पात्यांबरोबर लाकूड दाबून धरणारे रोलर, ही जोडी त्याचे मर्म होती. ती इतकी उपयुक्त ठरली की पेटंटाची मुदत पुन्हा पुन्हा वाढवण्यात आली. ते १८५६ पर्यंत चालले आणि त्यावरून कितीतरी कोर्टकज्जे झाले.

हे रोलर लाकूड ओढतात ते निव्वळ घर्षणाच्या बळावर. मी त्यांनाच तेल लावले होते! रोलरची निगा म्हणजे त्यावर बसलेली राळ आणि भुसा काढून तो कोरडा ठेवणे. तेल लागते ते त्याच्या दोन टोकांच्या आधारांना, पृष्ठभागाला नव्हे.

लाकडी खुंटीने सांगितलेले रहस्य

दुसरा प्रश्न आधारांचा, म्हणजे बेअरिंगचा. बैलगाडीच्या आसाला वंगण लावणाऱ्या गाडीवानालाही हा प्रश्न ठाऊक होता, पण त्याचे चाक संथ फिरते. १८३९ मध्ये अमेरिकेत आयझॅक बॅबिट यांनी कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा मऊ मिश्रधातू बेअरिंगसाठी सुचवला. कथिलाचे प्रमाण जास्त असलेला असा मिश्रधातू सुमारे २४० अंश सेल्सिअसला वितळू लागतो. तेल संपले तर आधी हे स्वस्त अस्तर वितळते आणि महागडा दांडा वाचतो. जुन्या रंधायंत्रांत असे ओतीव अस्तर असे आणि कामगाराला रोज त्यात तेल घालावे लागे.

पण तेल नेमके करते काय? ते पृष्ठभाग 'बुळबुळीत' करते, एवढेच लोकांना ठाऊक होते. १८८३ मध्ये बोशॅम्प टॉवर यांनी इंग्लंडच्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेसाठी केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. रेल्वेच्या आसासारखा एक दांडा खालून तेलात बुडवलेला होता, वरच्या बाजूने त्यावर बेअरिंग आणि त्यावर भार. त्या काळच्या प्रथेप्रमाणे तेल घालण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर त्यांनी भोक पाडले. दांडा फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले! त्यांनी बूच बसवले, ते निघाले. मग लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी त्यांनी तिथे दाबमापक लावला. भाराचा सरासरी दाब चौरस इंचाला १०० पौंड होता, पण दाबमापकाचा काटा २०० च्याही पुढे गेला.

टॉवर यांच्या लक्षात आले की दांडा बेअरिंगला टेकलेलाच नाही, तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो आहे. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. दांडा आणि बेअरिंग यांच्यातली फट पाचरीसारखी निमुळती असते. फिरता दांडा आपल्याबरोबर तेल त्या पाचरीत ओढतो, चिकटपणामुळे तेलाला पटकन निसटता येत नाही आणि दाब वाढत जातो. पावसात वेगाने जाणारी गाडी पाण्याच्या थरावर घसरते, तेव्हाही असेच घडते. दांडा थांबला की हा थर नाहीसा होतो. म्हणून अशा बेअरिंगची झीज मुख्यतः यंत्र सुरू होताना आणि थांबताना होते.

म्हणजे माथ्यावरचे ते भोक, जिथे भार सर्वांत जास्त तिथेच, तेल घालण्याऐवजी ते बाहेर काढून देत होते. वर्षानुवर्षे कारागीर मनापासून चुकीच्या जागी तेल घालत आले होते. हे वाचले तेव्हा मला माझ्या बुधलीची आठवण झाली आणि थोडे बरेही वाटले.

गोळ्या, ग्रीस आणि मेण

१९०७ मध्ये स्वीडनमधील एका कापडगिरणीतले अभियंता स्वेन विंगक्विस्ट यांनी, दांडा किंचित वाकडा झाला तरी चालणारे बॉल बेअरिंग तयार केले. पुढे बॉल बेअरिंगांनी रंधायंत्रातही बॅबिटची जागा घेतली. आजच्या पुष्कळ यंत्रांत पात्यांच्या दंडगोलाची बेअरिंगे दोन्ही बाजूंनी बंद असतात आणि ग्रीस आतच भरलेले असते. त्यांत वरून तेल सोडले तर ग्रीस पातळ होते आणि तेलाबरोबर भुसा आत शिरतो. जिथे ग्रीस भरण्याची सोय असते तिथेही ते बेताने भरावे. जास्त भरलेले ग्रीस घुसळले जाऊन तापते.

टेबलावर फळी सहज सरकायला हवी, पण तिथेही तेल नको. ते लाकडात मुरते आणि मग पॉलिश आणि सरस नीट धरत नाहीत. तिथे मेणाचा हलका हात पुरतो. टेबल वर-खाली करणाऱ्या स्क्रूंना पातळ तेल लावले की त्यावर भुसा बसून घट्ट लगदा होतो. म्हणून ते घासून साफ करावेत आणि कोरडे वंगण किंवा मेण वापरावे. साखळी आणि दंतचक्रे यांना मात्र तेल किंवा ग्रीस हवेच. हे सारे यंत्राचा स्विच बंद करून, वायर काढून आणि पात्यांपासून बोटे दूर ठेवूनच करायचे.

१९६६ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या समितीच्या अहवालातून घर्षण, झीज आणि वंगण यांच्या एकत्रित अभ्यासाला 'ट्रायबॉलॉजी' हे नाव मिळाले. या विषयाकडे नीट लक्ष दिले तर त्या देशाचे वर्षाला सुमारे ५१.५ कोटी पौंड वाचतील, असा समितीचा अंदाज होता. हिशेब राष्ट्राचा असला तरी बचत शेवटी अशाच यंत्रांपाशी व्हायची होती.

'घर्षण' शिकवताना आपण बहुधा त्याला शत्रू ठरवून मोकळे होतो. त्याऐवजी वर्गात एक सायकल आणावी आणि मुलांना खडूने खुणा करायला सांगाव्यात: तेल कुठे हवे, कुठे नको आणि का? साखळीवर सगळेच खूण करतील. ब्रेक जिथे घासतो त्या रिमपाशी आल्यावर जो मुलगा हात आखडेल, त्याला हा धडा समजला असे खुशाल मानावे. आठवीतल्या मला तो समजला नव्हता.