बार्सेलोनाचा धर्मवाद (१२६३) : 'माशीअह' आणि 'तारण'

इ. स. १२६३ च्या जुलै महिन्यात आरागॉनचा राजा पहिला जेम्स याच्यासमक्ष बार्सेलोना येथे यहुदी व ख्रिस्ती पंडितांमध्ये जो वाद झाला, त्याचा विषय सामान्यतः 'मसीहा येऊन गेला की यावयाचा आहे?' एवढ्या एका प्रश्नात सांगण्यात येतो. वस्तुतः उभय पक्ष एकच शब्द दोन अर्थांनी योजीत होते, आणि वादाचे बरेचसे मर्म या अर्थभेदात आहे.

हिब्रू 'माशीअह' याचा मूळ अर्थ 'अभिषिक्त' एवढाच. राजा व मुख्य याजक यांना हा शब्द लावीत. यशयाच्या ग्रंथात तर तो कोरेश या परधर्मीय इराणी सम्राटासही लावलेला आढळतो. ग्रीकमध्ये त्याचे 'ख्रिस्तोस' असे शब्दशः भाषांतर झाले. परंतु यहुदी राज्याभिषेकाची परंपरा ज्यांना अपरिचित होती त्यांच्या मुखी हे विशेषण लवकरच व्यक्तिनामाचा भाग बनले, आणि त्या नामाभोवती ईश्वरपुत्रत्वाचा सिद्धान्त दृढ झाला. मराठी 'ख्रिस्त' या शब्दातही अभिषेकाची खूण उरलेली नाही.

बार्सेलोना येथे ख्रिस्ती पक्ष पाब्लो ख्रिस्तियानी याने मांडला. हा जन्माने यहुदी असून धर्मांतरानंतर डोमिनिकन संघात दाखल झाला होता. पॅरिस येथे १२४० मध्ये तालमुदवर अभियोग चालून पुढे त्याच्या प्रती जाळण्यात आल्या होत्या. पाब्लोने मात्र त्याच तालमुद-मिद्राश वाङ्मयास आपल्या बाजूचा साक्षीदार केले. प्रतिपक्षी होता गिरोना येथील मोशे बेन नहमान, म्हणजेच नहमानिदेस. मोकळेपणाने बोलण्याची मुभा त्याने राजाकडून आधीच मागून घेतली होती.

मंदिराचा विध्वंस झाला त्याच दिवशी मसीहा जन्मला, अशी एक मिद्राशकथा पाब्लोने पुढे केली. नहमानिदेसचे उत्तर मार्मिक आहे. अशा कथांवर विश्वास ठेवण्याचे बंधन यहुद्यावर नाही, हे त्याने प्रथम सांगितले. आणि कथा खरी धरली तरी मंदिर पडले ते इ. स. ७० मध्ये, येशूचा जन्म तर त्यापूर्वीचा! शिवाय जन्मणे म्हणजे येणे नव्हे. यांपैकी पहिला मुद्दा त्याचे मनोगत होते की केवळ वादातील डावपेच, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कारण आपल्या बायबल-भाष्यात तो या कथांना पुष्कळ मान देतो.

मसीहाचे आगमन हा यहुदी धर्माचा मूलाधारच नव्हे, खरा मतभेद ईश्वरत्वाविषयी आहे, असे त्याने राजास स्पष्ट सांगितले. विश्वकर्त्याने स्त्रीच्या उदरी जन्म घ्यावा हे बुद्धीस पटत नाही. आणि मसीहा जर पित्यावाचून जन्मला असेल तर तो दाविदाचा वंशज कसा ठरणार?

तारणाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. आदामाच्या पापामुळे सर्व मानवांचे आत्मे नरकास पात्र झाले व येशूच्या मरणाने त्यांची सुटका झाली, हा ख्रिस्ती सिद्धान्त. नहमानिदेसने उलट विचारले की, आदामाला दिलेला दंड म्हणजे घाम गाळून अन्न मिळवणे, आणि हव्वेला दिलेला म्हणजे प्रसूतीच्या वेदना. ते तर अद्याप चालूच आहेत. मग सुटका झाली ती कशापासून? आत्म्याची सुटका डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तिची प्रतिज्ञा कोणीही करू शकतो, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. त्याच्या परंपरेत 'गेउला' म्हणजे निर्वासनातून सर्व समाजाची मुक्तता. हा शब्द मुळात व्यवहारातला : दारिद्र्यामुळे विकलेली वतनजमीन भाऊबंदाने सोडवून घेणे म्हणजे गेउला. मराठीतील 'तारण' हा शब्दही एकीकडे सावकाराच्या वहीत आणि दुसरीकडे ख्रिस्ती प्रार्थनेत वावरतो, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

निकालाविषयी साधनांत मेळ नाही. लॅटिन वृत्तान्तानुसार नहमानिदेस निरुत्तर झाला. त्याच्या स्वतःच्या हिब्रू वृत्तान्तानुसार राजाने त्याची प्रशंसा करून त्याला तीनशे नाणी दिली. दोन्ही लेख पक्षकारांचेच असल्याने कोणताही जसाच्या तसा स्वीकारणे योग्य नव्हे. एवढे मात्र निश्चित की हा हिब्रू वृत्तान्तच त्याला भोवला. १२६५ मध्ये डोमिनिकनांनी त्यावरून ईश्वरनिंदेचा आरोप ठेवला, पोप चौथा क्लेमेंट याने शिक्षेचा आग्रह धरला, आणि सत्तरीच्या घरातील हा पंडित स्पेन सोडून १२६७ मध्ये जेरुसलेमला पोहोचला.