आतड्याचा जोड

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन म्हणजे गाठ कापून काढणं, असं आपल्याला वाटतं. पण सर्जनचं घोडं शतकानुशतकं अडलं ते कापण्यावर नाही, जोडण्यावर. उरलेली दोन टोकं जोडायची आणि तो जोड गळू द्यायचा नाही. नळाचा जोड गळला तर भिंत ओली होते. हा गळला तर मैला पोटात पसरतो आणि माणूस काही दिवसांत दगावू शकतो.

सुश्रुतसंहितेत फाटलेल्या आतड्याचा इलाज आहे. कडा जुळवून त्यांना काळ्या मुंगळ्यांकडून चावून घ्यायचं, मग धडं तोडून डोकी तिथंच ठेवायची. टाकेच ते! व्हॉट्सअ‍ॅपवर हे 'सगळं आपल्याकडे आधीच होतं' म्हणून फिरतं. मला त्यात एवढंच दिसतं, की प्रश्न तेव्हाही जोडाचाच होता.

1776 साली फ्रान्समधल्या रूआं शहरात मोरेल नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याचा संडासाचा मार्ग गाठीनं पूर्ण बंद झाला. अडथळा वजनानं सरकेल म्हणून त्याला आधी जवळपास दोन पौंड पारा पाजला गेला होता. शेवटी पिलोर या सर्जननं पोटावरच आतड्याला तोंड करून दिलं. मैला बाहेर पडू लागला, माणसाला आराम पडला. 28व्या दिवशी मात्र तो गेला. लहान आतड्यात पारा अडकून ते सडलं होतं.

पुढे 1833 मध्ये ल्योनच्या रेबारनं गाठ कापून आतडं जोडून दाखवलं. तो रुग्ण सुमारे दहा महिने जगला, मग कॅन्सर परतला.

लंडनच्या अर्नेस्ट माइल्सनं तर स्वतःचाच हिशेब मांडला. फक्त खालच्या बाजूनं केलेल्या 57 ऑपरेशनांपैकी 54 जणांना कॅन्सर पुन्हा झाला होता. रोग वरच्या दिशेनंही पसरतो हे ओळखून 1908 मध्ये त्यानं पोटातून आणि खालून मिळून सगळा भाग काढायची पद्धत मांडली. पहिल्या 12 रुग्णांपैकी 5 दगावले. आपले वाईट आकडे असे छापायला छाती लागते.

1921 मध्ये पॅरिसच्या आंरी हार्टमाननं वेगळाच रस्ता धरला. गाठ काढायची, खालचं टोक शिवून बंद करायचं, वरचं पोटावर आणून ठेवायचं. जोडच नाही, मग गळणार काय? आमच्या कोडिंगच्या धंद्यात ज्या भागाचा भरवसा नाही तो आधी बंद करतात, तसंच हे.

आपल्याकडे परळचं टाटा हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 ला सुरू झालं. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या होत्या. त्यानंतर वऱ्हाडातल्या कित्येक पेशंटांनी बडनेऱ्याहून मुंबईची गाडी धरली. तुकडोजी महाराजही 1968 मध्ये कॅन्सरनंच गेले. नागपूरचं कॅन्सर हॉस्पिटल त्यांच्या नावानं आहे. आता तर समृद्धी महामार्ग आमच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातूनच जातो.

रस्ता झाला, पण उशीर तसाच आहे. संडासातून रक्त गेलं की आपल्याकडे ती मूळव्याधच असते. जडीबुटीत महिने जातात आणि पेशंट पोट फुगल्यावर, आतडं बंद पडल्यावर पोचतो. अशा सुजलेल्या आतड्याचा जोड टिकण्याची खात्री कमी असते, म्हणून सर्जनला आजही हार्टमानचीच वाट धरावी लागते. वेळेत ऑपरेशन झालं तरी जोड गुदद्वाराच्या जितका जवळ तितकी गळतीची भीती जास्त. पहिल्या आठवडाभरात ताप, नाडीचा वेग, पोटाचा ताठरपणा याच्यावर डॉक्टर डोळा ठेवून असतात ते त्यासाठीच. म्हणून खालच्या जोडाच्या आधी पोटावर तात्पुरतं तोंड काढतात आणि जोड भरला की काही महिन्यांनी बंद करतात. काहींचं कायम राहतं.

लोक त्यालाच 'पिशवी लागली' म्हणतात, आणि आवाज खाली करतात. आमच्याकडचे एक काका पिशवी लागल्यापासून पंगतीत बसत नाहीत, लोकांना वास येईल म्हणून. कॅन्सर निघाला, माणूस वाचला, तरी घरात तो विषय निघत नाही. खरं तर नीट बसवलेल्या पिशवीचा वास येत नाही. ती सदऱ्याखाली दिसत नाही, ती लावून आंघोळ करता येते, जखम भरली की वावरातही जाता येतं. जड पोती तेवढी उचलायची नाहीत, तिथं हर्निया होतो.