सरकारी चाकरी आणि काव्यभाषा : वा. रा. कांत

निजामाच्या राज्यात मराठी माणसाला सरकारी चाकरी करावयाची म्हणजे उर्दूतून करावयाची. संस्थानच्या कारभारातील फार्सीची जागा उर्दूने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घेतली आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तिलाच उच्च शिक्षणाचे माध्यम केले. नांदेडच्या कचेरीत, तसेच उदगीर, निलंगा, अहमदपूर या आज लातूर जिल्ह्यात असलेल्या परंतु १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात मोडणाऱ्या तालुक्यांतही दरखास्त, मिसल, पेशकार, पैमाईश हेच शब्द चालत. कागदावरची तारीखसुद्धा फसली सनाची असे. अशा कचेरीत दिवस घालवून मराठी कविता लिहिणाऱ्याची भाषा कशी घडली, हा प्रश्न चरित्राइतकाच भाषेच्या इतिहासाचाही आहे.

वामन रामराव कांत यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९१३ रोजी नांदेड येथे झाला. शिक्षण नांदेड आणि हैदराबाद येथे झाले. १९३३ साली ते निजाम सरकारच्या शेती खात्यात रुजू झाले. त्याच वर्षीचा त्यांचा संग्रह 'फटत्कार'. पुढे 'रुद्रवीणा' (१९४७) आणि 'शततारका' (१९५०) हे संग्रह आले. ही नावे पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते : दिवसभर ज्या भाषेत लेखणी चाले, तिचा या नावांना स्पर्शही नाही. ती संस्कृत वळणाची, सामासिक आणि काहीशी गर्जना करणारी आहेत.

याचे श्रेय एकट्या कचेरीला देता येणार नाही. भाषाशुद्धीचे वारे त्या काळी सर्वत्र वाहत होते. फार्सीचे अध्यापक आणि फार्सी-मराठी कोशाचे कर्ते माधव जूलियन यांनीच १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहावा, यावरून त्या वाऱ्याचा जोर कळतो. परंतु पुण्याच्या कवीला फार्सी ही आवडीने अंगावर घेतलेली शाल होती. नकोशी झाली की ती उतरवता येत होती. नांदेडच्या कारकुनाला उर्दू हा पगाराचा गणवेश होता. तो कवितेपुरता उतरवून ठेवणे यात अभिरुचीपेक्षा अधिक काही होते.

मात्र हाच एक मार्ग होता असे नव्हे. कांतांच्याच वर्षी, १९१३ साली, परभणी जिल्ह्यातील सातोना येथे जन्मलेले भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजे बी. रघुनाथ, परभणीस बांधकाम खात्यात (लोकांच्या तोंडी 'तामीरात') कारकून होते. त्यांच्या कथासंग्रहांची नावे 'साकी' आणि 'फकिराची कांबळी' अशी आहेत. उर्दूचा शेजार त्यांनी नाकारला नाही, तो घरात घेतला. स्वतःच्या नावाचे आद्याक्षरही त्यांनी इंग्रजी धर्तीवर 'बी.' असे लिहिले. गोदावरीच्या एकाच खोऱ्यातील, एकाच सरकारचे हे दोन समवयस्क नोकर. पण कचेरीच्या भाषेशी दोघांनी निरनिराळा करार केला. पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्टचे मायकेल डी-आनांग यांनी ब्रिटिश चाकरीत असताना कवितेसाठी कचेरीची इंग्रजीच पत्करली. या दोघांना तसे करण्याची गरज पडली नाही. त्यांच्यामागे सात शतकांची मराठी काव्यपरंपरा होती, आणि सरहद्दीपलीकडे पुण्या-मुंबईचे छापखाने व मासिके होती.

कांतांच्या चाकरीला १९४५ मध्ये वळण मिळाले. शेती खाते सोडून ते निजाम सरकारच्या रेडिओत गेले. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, १९५० मध्ये तेथील रेडिओ आकाशवाणीकडे आला, आणि पुढे कांत मुंबई केंद्रावर काम करू लागले. मिसलीतील भाषा डोळ्यांसाठी असते. शंका आली तर पान उलटून पाहता येते. ध्वनिक्षेपकासमोरचे वाक्य एकदाच ऐकू येते. तेथे लांब समास वाटेतच फुटतो, आणि ध्रुवपदाने परत आणलेला साधा शब्द मनात राहतो. १९६२ च्या संग्रहाचे नाव 'वेलांटी' आहे. त्यानंतर 'वाजली विजेची टाळी' (१९७१) आणि 'दोनुली' (१९७९) येतात. हे शब्द घरातले आहेत, बोलण्यातले आहेत. १९७४ चे 'मरणगंध' हे नाट्यकाव्य नावापुरते तरी पुन्हा समासाकडे वळते, तेव्हा रेषा अगदी सरळ आहे असे म्हणता येत नाही. शिवाय नावे म्हणजे काव्य नव्हे. तरी दिशा पुरेशी स्पष्ट आहे, आणि ती कवीच्या वयापेक्षा त्याच्या टेबलाशी अधिक जुळते.

या चाकरीने दिले तसे घेतलेही. 'बगळ्यांची माळ' हे गीत श्रीनिवास खळे यांची चाल आणि वसंतराव देशपांडे यांचा स्वर घेऊन घरोघर पोचले. 'त्या तरुतळी' सुधीर फडके यांनी गायिले. ऐकणाऱ्याला गायक ठाऊक असतो, संगीतकारही बहुधा ठाऊक असतो. कवीचे नाव निवेदक सांगेल तेवढेच. 'रुद्रवीणा' लिहिणारा कवी आणि ही गीते लिहिणारा कवी एकच, हे पुष्कळांना सांगावे लागते. बी. रघुनाथ ७ सप्टेंबर १९५३ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारले; त्यांचा 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा काव्यसंग्रह मृत्यूनंतर, १९५५ मध्ये निघाला. कांत ८ सप्टेंबर १९९१ पर्यंत जगले, आणि उतारवयात त्यांनी एका संग्रहाला 'बगळ्यांची माळ' हेच नाव दिले.