शिवाजीनगर, बंगळुरू : नागरिकांच्या तक्रारी आणि दुरुस्तीची व्यवस्था

रस्त्यावरील खड्डा, तुंबलेले गटार किंवा बंद पडलेला पथदीप यांची माहिती प्रशासनाला बहुधा तेथील रहिवाशांकडूनच प्रथम मिळते. गेल्या तीन दशकांत तक्रार नोंदविण्याची साधने वाढली. मात्र तक्रार योग्य यंत्रणेकडे पोहोचणे आणि काम झाल्याची खातरजमा होणे, यांवरच दुरुस्ती अवलंबून असते. बंगळुरूच्या मध्यवर्ती शिवाजीनगर भागाच्या उदाहरणावरून ही बाब स्पष्ट होते.

पूर्वी ब्लॅकपल्ली या नावाने ओळखला जाणारा हा परिसर १८०९ मध्ये वसविण्यात आलेल्या ब्रिटिश छावणीचा भाग होता. १८६२ पासून जुने शहर आणि छावणी यांचा नागरी कारभार स्वतंत्र मंडळांकडे होता. १९४९ मध्ये दोन्हींची मिळून एक महानगरपालिका झाली. १९२७ मध्ये उभारलेली रसेल मार्केट ही मंडई, सेंट मेरी बॅसिलिका, बोरिंग रुग्णालय आणि बसस्थानक यांमुळे येथील अरुंद रस्त्यांवर स्थानिकांइतकाच बाहेरून येणाऱ्यांचाही भार पडतो. २५ फेब्रुवारी २०१२ रोजी रसेल मार्केटला लागलेल्या आगीत अनेक दुकाने भस्मसात झाली. दाट वस्तीच्या जुन्या बाजारपेठेत नित्याच्या देखभालीला किती महत्त्व असते, हे या दुर्घटनेने अधोरेखित केले.

नागरिकांपुढील पहिली अडचण म्हणजे जबाबदारीची विभागणी. रस्ते, पावसाळी गटारे आणि पथदीप महानगरपालिकेच्या अखत्यारीत येतात. पाणीपुरवठा व मलनिस्सारण १९६४ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या मंडळाकडे, तर वीजवितरण २००२ मध्ये अस्तित्वात आलेल्या 'बेसकॉम' कंपनीकडे आहे. त्यातच मेट्रोच्या नागवारा मार्गावरील भुयारी स्थानकाचे काम शिवाजीनगरात हाती घेण्यात आले. जलवाहिनी फुटून रस्ता खचल्यास आधी मंडळाने वाहिनी दुरुस्त करावी लागते, त्यानंतरच पालिकेला रस्ता पूर्ववत करता येतो. पालिकेकडे केलेली तक्रार अशा वेळी 'आमच्या कक्षेत नाही' या शेऱ्यासह परत येण्याची शक्यता असते.

तक्रारींसाठी पालिकेचा १५३३, पाणीपुरवठा मंडळाचा १९१६ आणि बेसकॉमचा १९१२ हे मदतक्रमांक आहेत. भ्रमणध्वनीवरून छायाचित्रासह तक्रार पाठविण्याचीही सोय झाली आहे. तक्रारीत नेमके ठिकाण, जवळची ठळक खूण, बिघाड केव्हापासून आहे आणि त्यामुळे कोणता धोका संभवतो, याचा उल्लेख असल्यास काम संबंधित अभियंत्याकडे लवकर पोहोचते. नोंदणी क्रमांक जपून ठेवणे आवश्यक असते. काम न होताच तक्रार निकाली काढल्यास याच क्रमांकाच्या आधारे वरिष्ठांकडे दाद मागता येते, तसेच माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये कामाचा आदेश आणि खर्चाचा तपशील मागविता येतो. त्यावर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

संघटित पाठपुराव्याची परंपरा बंगळुरूत जुनी आहे. सॅम्युअल पॉल यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये नागरी सेवांचे 'नागरिक प्रगतिपत्रक' प्रसिद्ध झाले. विविध यंत्रणांच्या सेवेविषयी रहिवाशांचे मत त्यात मांडण्यात आले होते. १९९९ आणि २००३ मध्ये असेच सर्वेक्षण पुन्हा झाले. २००१ मध्ये स्थापन झालेल्या 'जनाग्रह' या संस्थेने प्रभाग पातळीवरील लोकसहभागाचा आग्रह धरला. मुंबईतही महापालिकेने १९९७ च्या सुमारास 'प्रगत परिसर व्यवस्थापन' योजना सुरू करून रहिवाशांचे गट आणि विभाग कार्यालये यांना जोडले. एकट्या व्यक्तीच्या तक्रारीपेक्षा वस्तीच्या सामूहिक पाठपुराव्याची दखल लवकर घेतली जाते, हा या प्रयत्नांचा समान धागा होय.

दुरुस्तीतील दिरंगाई प्राणघातक ठरू शकते. २०१३ ते २०१७ या काळात देशभरात खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत १४,९२६ जणांचा मृत्यू झाल्याच्या आकडेवारीवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तीव्र चिंता व्यक्त केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, तर जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. वेळेवर नोंदविलेली तक्रार प्रशासनाला धोक्याची पूर्वकल्पना होती याचा पुरावा ठरू शकते, त्यामुळे तिचे महत्त्व वाढले आहे.

बंगळुरूत मात्र उत्तरदायित्वाचा एक दुवा दीर्घकाळ निखळलेला होता. २०१५ मध्ये १९८ प्रभागांतून निवडून आलेल्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. दाराशी आलेल्या नागरिकाची अडचण सभागृहात मांडणारा नगरसेवकच त्यामुळे उरला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये शहराचे पाच महानगरपालिकांत विभाजन झाले आणि शिवाजीनगरचा समावेश बंगळुरू मध्य महानगरपालिकेत झाला. मदतक्रमांक तक्रार नोंदवून घेतो. काम का झाले नाही, याचा जाब विचारण्यासाठी मात्र जागरूक रहिवासी आणि त्यांचा निर्वाचित प्रतिनिधी या दोघांचीही गरज असते.