ब्रेक ऑइल जातं कुठे? : एका लष्करी ट्रकाची आणि दोनशे वर्षांच्या गळतीची गोष्ट

मागच्या वेळी आपण वाफेच्या इंजिनाबद्दल बोललो. आज विषय साधा वाटेल, गॅरेजमधला वाटेल, पण थोडा धीर धरा.

डोळ्यांसमोर एक जुना ट्रक आणा. अमेरिकन सैन्याचा एम-३५. अडीच टनी म्हणतात त्याला. १९५०च्या सुमारास आला आणि पुढे कित्येक दशकं चालला. तीन अ‍ॅक्सल, सहाही ठिकाणी ड्रम ब्रेक. हा ट्रक महिनाभर उभा होता. आज ब्रेकच्या टाकीचं झाकण उघडलं तर पातळी बोटभर खाली. ट्रकाखाली वाकून बघितलं, जमीन कोरडी. मग ऑइल गेलं कुठे?

या प्रश्नाचं उत्तर आपण शेवटी शोधू. आधी थोडं मागे जाऊ या.

द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे पास्कालने सांगितलं. त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला. पण या तत्त्वावर चालणारं दमदार यंत्र यायला १७९५ साल उजाडलं. लंडनच्या जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेस केला. मधली सव्वाशे-दीडशे वर्षं का गेली? तत्त्व तर माहीत होतं. अडचण गळतीची होती. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी बाहेर यायचं. घट्ट आवळून बसवावं, तर दट्ट्या हलायचा नाही.

यातून वाट काढण्याचं श्रेय ब्रामाच्या कारखान्यात काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लीला देतात. त्याने वाटीच्या आकाराची चामड्याची कडी बसवली. दाब वाढला की वाटीचे ओठ पसरतात आणि भिंतीला चिकटतात. म्हणजे दाब जितका जास्त, तितकी ती घट्ट. आपल्या गॅरेजमध्ये ब्रेकचं ‘किट’ मागवतात ना, त्यातली रबरी वाटी या चामड्याच्या वाटीची थेट वंशज आहे.

पण या युक्तीची दुसरी बाजू लक्षात ठेवा. दाब नसेल तर वाटी सैल असते. म्हणून रोज धावणाऱ्या ट्रकापेक्षा महिनोन्‌महिने उभा असलेला ट्रक कधी कधी जास्त गळतो. ड्रम ब्रेकच्या जुन्या रचनांमध्ये पाइपात थोडासा दाब मुद्दाम शिल्लक ठेवणारी झडप असते, ती याचसाठी.

आता मोटारीकडे येऊ. चारही चाकांच्या हायड्रॉलिक ब्रेकची कल्पना अमेरिकेत माल्कम लॉकहीडची. १९१७ साली त्याला पेटंट मिळालं. १९२१मध्ये हा ब्रेक ड्यूसेनबर्ग गाडीवर आला आणि १९२४मध्ये क्रायस्लरवर. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी त्यात मोठी सुधारणा केली. गळणाऱ्या चामड्याच्या वाट्या काढून रबरी वाट्या घातल्या. फोर्ड मात्र १९३९च्या मॉडेलपर्यंत सळ्यांचे, केबलचे यांत्रिक ब्रेकच देत राहिला. पायापासून चाकापर्यंत सगळं पोलाद आहे, हे तो अभिमानाने सांगायचा. आपण त्याला हट्टी म्हणतो, आणि तो होताच. (हशा) पण सळी गळत नाही, ही त्याची गोष्ट काही खोटी नव्हती.

तिकडे रेल्वेने वेगळाच विचार केला होता. वेस्टिंगहाउसने १८७२च्या सुमारास जो स्वयंचलित हवेचा ब्रेक आणला, त्यात नळीतली हवा गेली की ब्रेक लागतो. डबा तुटला, नळी फाटली, तरी गाडी थांबते. हायड्रॉलिक ब्रेकचं उलट आहे. नळी फाटली की ब्रेक सुटतो. एका ठिकाणी गळती गाडी थांबवते, दुसऱ्या ठिकाणी तीच गळती थांबण्याची सोय काढून घेते.

आपल्या एम-३५मध्ये दोन्ही आहेत. हवा आहे, पण ती फक्त जोर लावायला. ब्रेक चाकापर्यंत नेतो तो द्रवच. हवा गेली तर पाय दुखेल, जीव खाऊन दाबावं लागेल, पण ब्रेक लागेल. द्रव गेला तर काहीच नाही. आणि जुन्या एम-३५मध्ये हा द्रवाचा मार्ग एकच. सहापैकी एका चाकाचा पाइप फुटला की साही चाकं गेली. उरतो हातब्रेक, तोही गाडी उभी ठेवण्यासाठी. भरलेला ट्रक उतारावर थांबवणं हे त्याचं काम नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गळती हळू असेल, तर कमी झालेलं ऑइल टाकीतून आपोआप भरून निघतं. म्हणजे टाकीत शेवटचा घोट असेपर्यंत पेडल अगदी छान लागतं. पायाला काहीच कळत नाही. घाटाच्या वर सगळं ठीक, आणि मधल्या वळणावर पेडल थेट तळाला. खंडाळ्याचा उतार ज्यांनी भरल्या गाडीने उतरलाय त्यांना मी वेगळं सांगायला नको. अशा गळतीचा साक्षीदार एकच असतो, टाकीतली पातळी. आणि आपण काय करतो? ‘थोडं कमी झालंय, टाका वरून.’ म्हणजे साक्षीदारालाच गप्प करतो.

मग शोधायचं कसं? ट्रक सपाट जागेवर घ्या, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. पेडल दाबून पाय तसाच धरून ठेवा. पेडल हळूहळू खाली जातंय आणि पातळीही घटतेय, तर गळती बाहेर कुठेतरी आहे. पेडल जातंय पण पातळी तशीच, तर मास्टर सिलिंडरच्या आतली वाटी दाब सोडते आहे. पेडल स्पंजासारखं लागतंय, तर आत हवा आहे.

नंतर पाइप, त्यांचे जोड आणि रबरी होज बघा. होज फुगलेला किंवा चिरलेला असेल तर बदला. मग चाकं. टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर लगेच निष्कर्ष काढू नका. ती हबच्या सीलमधून आलेली गिअर ऑइलची असू शकते. थेंबभर पाण्यात टाकून बघा. नेहमीचं ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, गिअर ऑइल तरंगतं. शेवटी ड्रम काढून व्हील सिलिंडरचं रबरी टोपण उचला. आत ओलं असेल तर वाटी गेली. लायनर भिजले असतील तर पुसून चालत नाही, बदलावे लागतात.

आता वाटी मुळात जाते का? याचं मोठं कारण पाणी. ग्लायकॉल हवेतला ओलावा शोषतो. डॉट-३चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. शिवाय सिलिंडरला आतून गंज चढतो, आणि खरबरीत भिंतीवर नवी वाटीही टिकत नाही. उभ्या राहणाऱ्या हजारो वाहनांची ही डोकेदुखी टाळायला अमेरिकन सैन्याने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सिलिकॉनचं जांभळट द्रव वापरायला घेतलं, ते म्हणजे डॉट-५. ते ओलावा शोषत नाही. म्हणूनच ते पाण्यात विरघळतही नाही, तेव्हा अशा ट्रकावर मघाची थेंबाची परीक्षा चालणार नाही. आणि हे दोन द्रव एकमेकांत मिसळायचे नाहीत.

जाता जाता एका शब्दाबद्दल. आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, मीही मघापासून म्हणतोय. सुरुवातीच्या काळात एरंडेल आणि अल्कोहोलचं मिश्रण वापरत, तेव्हा ते नाव शोभलंही असतं. पण आजचं हे द्रव्य तेल नव्हे. शब्दावर विसंबून कुणी इंजिन ऑइल ओतलं, तर रबर फुगतं आणि सगळ्या वाट्या, होज बदलण्याची वेळ येते.

अमेरिकेत १९६८पासून नव्या मोटारींना ब्रेकचे दोन वेगळे मार्ग सक्तीचे झाले, एक फुटला तरी दुसरा उरावा म्हणून. ट्रकांवर हा नियम यायला आणखी बरीच वर्षं गेली. गळती कधीच संपणार नाही हे त्या कायद्याने मान्य केलं. गळती झाली तरी माणूस वाचावा, एवढंच त्याने मागितलं.

आता आपला कोरड्या जमिनीवरचा ट्रक. पाइप कोरडे, चाकं कोरडी, मास्टर सिलिंडर कोरडा. मग उरतो तो हवेने जोर देणारा बूस्टर. त्यात एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला द्रव, मध्ये एक सील. ते सील गेलं की द्रव हवेच्या कप्प्यात झिरपतो. जमिनीवर एक थेंब पडत नाही. हवेच्या टाक्या रिकाम्या करून त्या बाजूची जोडणी सोडवली की ओल सापडते. ज्या जुन्या गाड्यांचा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर, व्हॅक्यूमवर चालतो, तिथे तर इंजिनच तो द्रव ओढून जाळून टाकतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर, एवढाच काय तो पुरावा.

म्हणून मंडळी, पातळी खाली दिसली की बाटली हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारा. ऑइल गेलं कुठे? उत्तर मिळेपर्यंत ट्रक उभा राहू दे.