उभ्या गाडीतली थंड हवा

या शनिवारी जरा गॅरेजातला इतिहास. फीनिक्समधला माझा एक मित्र गेले चार महिने आपल्या पिकअप ट्रकच्या पाठीवर एक छोटी खोली बांधतोय. प्लायवूड, फोमच्या शीट्स, एक पलंग, एक सिंक, छतावर सोलर पॅनल. इथवर नवीन काही नाही, अमेरिकेत हा उद्योग शंभर वर्षं चालू आहे. पण त्याच्या खोलीत खिडकीचा एसी आहे आणि तो रात्रभर बॅटरीवर चालतो. इंजिन बंद, जनरेटर नाही, कुठल्या खांबाला वायर जोडलेली नाही. मला वाटलं, एवढी साधी गोष्ट लोकांनी आधीच का नाही केली? म्हणून वाचायला बसलो. तर असं दिसलं की चालत्या गाडीत थंड हवा १९४० साली आली, आणि उभ्या गाडीत, म्हणजे माणूस जिथे झोपतो तिथे, ती सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं गेली.

घर चाकांवर चढवायची हौस मोटारीइतकीच जुनी. हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, टायरवाले हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज ही मंडळी १९१० च्या दशकात गाड्यांचा ताफा घेऊन रानात मुक्कामाला जायची. स्वतःला ‘व्हॅगाबॉन्ड्स’ म्हणवून घ्यायची, म्हणजे भटके. भटके कसले, बरोबर आचारी आणि नोकरचाकर! १९२१ साली तर राष्ट्राध्यक्ष हार्डिंगसुद्धा त्यांच्या तळावर राहून गेले. यातला आपल्या कामाचा भाग एवढाच की एडिसन आपल्या स्टोरेज बॅटऱ्या बरोबर घ्यायचा आणि तळावर विजेचे दिवे लागायचे. म्हणजे गाडीबरोबर बॅटरी नेऊन मुक्कामावर वीज वापरायची ही आयडिया काही आजची नाही. पण दिव्याला वीज लागते किती? मेख तिथेच आहे.

सामान्य लोकही मागे नव्हते. १९१९ साली फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची संघटना निघाली. फोर्डच्या मॉडेल टी गाडीवर घरच्या घरी पेटीसारखं काहीतरी ठोकायचं, डब्यातलं खायचं, आणि ओळख म्हणून रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा डबा लावून हिंडायचं. १९२५ साली फोर्डने मागे उघडा हौदा असलेली मॉडेल टी थेट कारखान्यातून विकायला काढली, किंमत २८१ डॉलर. रिकामा हौदा दिसल्यावर हौशी सुताराचे हात कसे स्वस्थ बसणार.. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, दिवा हे सगळं करवत-हातोडा चालवता येणाऱ्या माणसाला जमत होतं. राहिला फक्त उन्हाळा.

त्यावरचा पहिला उपाय आपल्या विदर्भातल्या वाचकांना लगेच कळेल. गाडीच्या खिडकीत अडकवायचं एक नळकांडं मिळायचं, आत पाणी आणि ओली गादी. गाडी धावली की बाहेरचा वारा त्या ओल्या गादीतून आत. थोडक्यात वाळ्याचा कूलर, फक्त पंख्याचं काम गाडीचा वेग करणार. ॲरिझोना-नेवाडाच्या कोरड्या हवेत हे चांगलं चालायचं, फ्लोरिडाच्या दमट हवेत शून्य उपयोग. नागपुरात कूलर आणि मुंबईत नुसता घाम, तोच हिशेब. आणि गाडी थांबली की वारा थांबला. म्हणजे चालत राहा, नाहीतर उकडून घ्या ही अट अगदी सुरुवातीपासूनची.

खराखुरा एसी पॅकार्ड कंपनीने आणला. १९३९ च्या शेवटी शिकागोच्या प्रदर्शनात त्यांनी १९४० सालची गाडी दाखवली, एसी कारखान्यातूनच बसवलेला. जादा किंमत २७४ डॉलर, म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी जवळजवळ तेवढ्यात फोर्डची अख्खी पिकअप येत होती. निम्मी डिकी त्या यंत्रानेच खाल्ली होती. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता, त्यामुळे एसी बंद करायचा तर इंजिन थांबवा, बॉनेट उघडा आणि पट्टा हाताने उतरवा. (आपल्या सॉफ्टवेअरमध्ये याला ‘मॅन्युअल वर्कअराउंड’ म्हणून डॉक्युमेंटमध्ये टाकलं असतं. :) ) पण तत्त्व तेव्हाच ठरलं: कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरणार. आपल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत अजून तेच आहे. इंजिन बंद, गारवा बंद.

याच सुमाराची दुसरी गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात बोलकी वाटते. मिनिॲपोलिसमध्ये फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मेकॅनिक होता. लहानपणीच पोरका झालेला, शाळा फारशी न शिकलेला, सगळं यंत्रज्ञान स्वतःच्या जोरावर मिळवलेला. १९३८ साली त्याने ट्रकवर बसेल आणि रस्त्याचे धक्के सोसेल असं रेफ्रिजरेशन यंत्र बनवलं. त्याचा मालक जोसेफ न्यूमेरो याने त्यावर कंपनी काढली, तीच पुढची थर्मो किंग. या यंत्राला स्वतःचं वेगळं इंजिन होतं, त्यामुळे ट्रक उभा असला तरी माल गार. जोन्स १९६१ साली गेला आणि अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्याला १९९१ साली मिळालं, मरणोत्तर.

म्हणजे बघा, मांस आणि फळफळावळ १९३८ पासून थंड हवेत प्रवास करायला लागली होती, थांबल्यावरसुद्धा. पुढे केबिनमध्ये झोपलेला ड्रायव्हर मात्र घामाने भिजत होता. उभ्या गाडीत गारवा करता येत नव्हता असं नाही. त्याचा खर्च मालासाठी परवडत होता, माणसासाठी नाही.

मधली काही दशकं मी भरभर उरकतो, कारण त्यात गाड्या बदलल्या, प्रश्न तोच राहिला. १९६० साली लेखक जॉन स्टाइनबेकने जीएमसीच्या पिकअपवर कॅम्पर चढवला, डॉन किहोतेच्या घोड्यावरून गाडीचं नाव ‘रोसिनान्ते’ ठेवलं आणि चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन देश पालथा घातला. त्यावरचं पुस्तक १९६२ साली आलं. गाडी कॅलिफोर्नियात सॅलिनासच्या संग्रहालयात बघायला मिळते. तो निघाला मात्र सप्टेंबरच्या उत्तरार्धात, उन्हाळा ओसरल्यावर. शहाणा कॅम्परवाला असाच निघायचा. पुढे मोठ्या गाड्यांच्या छतावर एसी आले, पण त्यांना वीज हवी. एकतर कॅम्पग्राउंडच्या खांबाला प्लग लावा नाहीतर जनरेटर चालवा. जनरेटर म्हणजे आवाज आणि कार्बन मोनॉक्साइड, ज्याने झोपेतच माणसं दगावतात. शिवाय बहुतेक कॅम्पग्राउंडवर रात्री जनरेटरला मनाई, म्हणजे नेमक्या झोपेच्या वेळी.

मग बॅटरी का नाही? थोडं गणित करू, चौथीचंच आहे. शिशाच्या बॅटरीचा शोध १८५९ सालचा, फ्रान्सच्या गॅस्ताँ प्लाँतेचा. आज मिळणारी १२ व्होल्ट, १०० ॲम्पियर-तासांची बॅटरी घेतली तर तिच्यात १.२ युनिट वीज मावते (वीजबिलावरचं तेच युनिट). पण शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली रोज उतरवली तर लवकर मरते, म्हणून हाताशी ०.६ युनिट. वजन साधारण ३० किलो. आता सगळ्यात छोटा खिडकीचा एसी, ५००० बीटीयूचा, ४५० वॅटच्या आसपास खातो. तो आठ तास न थांबता चालला तर ३.६ युनिट. म्हणजे सहा बॅटऱ्या, १८० किलो. पिकअपची वाहायची ताकद सहा-सातशे किलो धरा, त्यात खोली, पाणी, माणसं सगळं आलं. कोण लावणार?

पण हा एसी न थांबता का चालेल? हा प्रश्न बरेच हौशी लोक विचारतच नाहीत, आणि निम्मं उत्तर तिथेच आहे. कॅम्परच्या भिंती, छत, तळ मिळून २० चौरस मीटर धरा आणि बाहेर-आत १२ अंशांचा फरक. नुसता पत्रा असेल तर ढोबळमानाने १४०० वॅट उष्णता आत शिरते. त्या एसीची ओढून काढायची ताकदच १४६५ वॅट आहे, त्यामुळे तो रात्रभर धापा टाकणार. त्याच भिंतीला एक इंची घट्ट फोम लावा (आपल्या थर्माकोलचा तब्येतवान भाऊ). शिरणारी उष्णता २७० वॅटवर येते. झोपलेल्या दोन माणसांचे अंदाजे १५० वॅट मिळवा. एसी साधारण एक वॅट विजेत तीन वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे सरासरी १४० वॅट वीज, आठ तासांत १.१ युनिट. फटी, दार, इन्व्हर्टरमधली गळती धरून दोन म्हणा. मित्राने पहिला महिना भिंतीतच का घालवला ते मला हे आकडे मांडल्यावर कळलं. एसी त्याने एका दुपारी बसवला.

उरलेलं उत्तर टेक्सासमधून आलं. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ साली बाजारात आणली, पण तिच्यात कोबाल्ट, किंमत मोठी आणि पेटायची भीती. ऑस्टिनच्या विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने कोबाल्टऐवजी लोखंड आणि फॉस्फेट वापरून पाहिलं. १९९७ च्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव पाढी, दुसरं नंजुंडस्वामी, तिसरं गुडइनफ. (आपल्या माणसांची नावं अशा ठिकाणी दिसली की कॉलर जरा ताठ होते, खोटं कशाला बोला.) हे रसायन तापलं तरी सहजी पेट घेत नाही आणि हजारो वेळा चार्ज होतं. अडचण एकच, वीज फार हळू वाहायची. त्या कणांना कार्बनचा मुलामा दिल्यावर ती सुटली. मग चिनी कारखान्यांनी बससाठी, मोटारींसाठी हे सेल प्रचंड प्रमाणात काढले आणि भाव कोसळले. गुडइनफ यांना २०१९ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी, दोघांबरोबर विभागून नोबेल मिळालं.

आता तेच दोन युनिट. शिशाच्या चार बॅटऱ्या, १२० किलो. लोह-फॉस्फेटच्या दोन, २४ किलो. जोडीला इन्व्हर्टर एसी, जो तोशिबाने १९८०-८१ मध्ये जपानी घरांसाठी काढला. हा हळूहळू वेग घेतो, त्यामुळे सुरू होताना विजेचा झटका मारत नाही. म्हणजे या कॅम्परमधलं काहीही कॅम्परसाठी शोधलेलं नाही. एसी घराचा, सेल बसचे, फोम इमारतीचा. गॅरेजातला माणूस फक्त जोडणी करतो. (करणार असाल तर बॅटरीच्या धन टोकाला लागूनच चांगला जाड फ्यूज लावा. आणि शून्याखालच्या थंडीत हे सेल चार्ज करू नका.)

आता म्हणाल, हौशी लोकांच्या सहलीचं एवढं काय कौतुक? पण गाडीत झोपणारे सगळेच हौशी नसतात. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या ४३ अंशांवर, गेला. तिथल्या मॅरिकोपा काउंटीत त्या वर्षी उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले, त्यात बेघर माणसांचं प्रमाण मोठं होतं. अमेरिकेतले लांब पल्ल्याचे ट्रकवाले केबिनमध्येच झोपतात आणि गारव्यासाठी इंजिन चालू ठेवायचे, तासाला साधारण तीन लिटर डिझेल नुसतं उभं राहून. कॅलिफोर्नियाने २००८ पासून झोपायची केबिन असलेल्या ट्रकनाही पाच मिनिटांपेक्षा जास्त इंजिन चालू ठेवायला बंदी केली. हवेसाठी चांगलंच झालं, पण झोपेचं काय, हा प्रश्न तेव्हा ट्रकवाल्यालाच सोडवावा लागला.

आपल्याकडे नव्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला तो २०२५ मध्ये. चांगला निर्णय, उशिराचा. मात्र हा एसी बहुतेक ठिकाणी पॅकार्डच्या घराण्यातला, इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा. मे महिन्यात धुळ्याच्या बाजूला रात्री ढाब्यावर बघा, ड्रायव्हर आणि क्लीनर ट्रक लावून केबिनमध्ये, टपावर, नाहीतर खाली चादर टाकून झोपलेले असतात. इंजिन बंद, कारण रात्रभराचं डिझेल कोण देणार? केबिन कॅम्परपेक्षा बरीच लहान. भिंतीला फोम लावला तर रात्रीला एक युनिट पुरेल असा माझा हिशेब आहे. म्हणजे बारा किलोची एक बॅटरी, दिवसा ट्रकच्याच अल्टरनेटरवर चार्ज होणारी. ट्रकच्या २४ व्होल्टवर चालणारे ‘पार्किंग एसी’ चीन-युरोपात दुकानात मिळतात.