टाच्यांची कुळकथा

जालन्यात बांधकाम चाललेल्या कुठल्याही गल्लीत सकाळी हा आवाज ऐकू येतो : टक, टक, टक. फळ्या नुकत्याच काढलेला, हात फिरवावा तर घसरावा असा गुळगुळीत खांब, आणि त्याच्यावर छिन्नीने घाव घालणारा माणूस. नवख्या घरमालकाच्या पोटात गोळा येतो. "मिस्त्री, चांगला खांब कशाला फोडता?" मिस्त्री मान वर न करता सांगतात, "फोडत नाही मालक, टाचे मारू लागलो. नसता गिलावा धरत नसतो."

या उत्तरातला 'गिलावा' फारसीतून आलेला. 'गिल' म्हणजे माती आणि 'आब' म्हणजे पाणी. दोन्ही मिळून सरळ चिखल. आता पाटीत सिमेंट आणि वाळू असते, तरी नावात चिखलच राहिला आहे. टाच्यांचं कूळ मात्र या शब्दाहूनही जुनं. ते शोधायला भोकरदनच्या उत्तरेला दिसणाऱ्या डोंगररांगेकडे, अजिंठ्याकडे जावं लागतं.

आपला काळा पाषाण हा थिजलेला लाव्हा. घट्ट आणि पाणी न पिणारा. त्याला चिखल लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कोरडी, सच्छिद्र भिंत ओल्या लेपातलं पाणी ओढून घेते आणि त्याबरोबर लेपालाही आपल्यात ओढते. गुळगुळीत दगडाला ही तहानच नाही. मग त्याने लेप धरावा कसा? अजिंठ्याच्या कारागिरांनी चित्रांच्या भिंतींवर टाकीचे घाव तसेच खडबडीत ठेवले. त्यावर गवत, धान्याची तुसं आणि दगडाची कच मिसळलेला मातीचा जाड थर, त्यावर बारीक मातीचा, आणि शेवटी पांढरा पातळ हात. रंग लागले ते हे सगळं वाळल्यानंतर. म्हणजे पाचव्या शतकातलं ते पद्मपाणी बोधिसत्त्वाचं शांत रूप आजही उभं आहे ते घावांना धरून.

घावांनी लेप धरला, तरी वाळताना माती आकसते आणि तडकते. तिला आतून बांधून ठेवायला तंतू लागतो. वेरूळच्या लेपातला तंतू कोणता, हे शोधताना जालन्याचं नाव पुढे आलं. पुरातत्त्व खात्यात रसायनतज्ज्ञ राहिलेले राजदेव सिंग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी तिथल्या मातीच्या लेपातले धागे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. ताडून पाहायला ताजी झाडं आणली ती जालना परिसरातून आणि दिल्लीच्या आसपासून. धागे जुळले : ती भांग होती. हा अभ्यास 2016 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. भांगेमुळे वेरूळचा लेप किडींपासून वाचला आणि ती नसल्याने अजिंठ्याच्या चित्रांना कीड भोवली, असं या संशोधकांचं मत आहे. आपण जिला नशेसाठी ओळखतो, ती भिंतीला शुद्धीवर ठेवत होती!

खेड्यात हेच शास्त्र पोथीशिवाय चालत आलं. भिंतीच्या चिखलात गव्हाचा भुसा आणि शेण घालायचं, पायाने तुडवायचं, काही दिवस मुरू द्यायचं. जुन्या थरावर नवा हात देताना आधी भिंत खरवडायची, पाणी शिंपडायचं, मगच थापायचं. यातली एखादी पायरी गाळली, तर पावसाळ्यात पोपडा हातात येतो.

याच कुळाची एक शाखा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. इथल्या रोलिंग मिलमधून निघणारी लोखंडी सळई हातात घेऊन पाहा. तिच्या अंगावर आडवे-तिरपे वरंबे उठवलेले असतात. पूर्वीची साधी सळई गुळगुळीत असे. ताण आला की ती काँक्रीटमधून सरकू पाहायची, म्हणून तिच्या टोकाला आकडा वळवावा लागे. मग पीळ दिलेली सळई आली आणि पुढे आजची वरंब्यांची. दगडाला घाव घालून जे साधलं, तेच लोखंडाला वरंबे देऊन साधलं. तत्त्व एकच : दुसऱ्याला धरायचं तर अंगावर दात हवेत.

हे दात घरातल्या भिंतीलाही लागतात. आता घरोघरी भिंतीला चित्रांचा कागद लावायची हौस आली आहे. बैठकीत ऑइलपेंटची चकचकीत भिंत असते, नाहीतर स्वयंपाकघरात फरशी. त्यावर कागद चिकटवला की पहिला आठवडा झकास जातो आणि दुसऱ्या आठवड्यात कोपरा कानासारखा उभा राहतो. मालक डिंकाला दोष देतो. जाणता कारागीर आधी भिंतीचा तेलकटपणा साबणाच्या पाण्याने धुतो, वाळू देतो, काचपेपर घासून चकाकी मारतो, धूळ पुसून प्रायमरचा हात देतो आणि मगच कागदाची गुंडाळी उलगडतो. फरशी असेल तर सांधेही भरून घेतो, नाहीतर त्यांच्या रेघा कागदातून वर उमटतात.

काचपेपरच्या ओरखड्यांवरून हात फिरवला तर खोली जाणवतही नाही. पण नातं टाकीशीच आहे. टाकीचा मुलगा टाचा आणि टाच्याचा मुलगा काचपेपर. घराण्यात घाव बारीक होत गेला, एवढंच.